सवड कुणाची, फोटो कुणाचा?

रविवारची संध्याकाळ, त्यातून मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांनी माणगावचा रस्ता गच्च भरलेला, आणि तरी तुम्ही इतके जण वेळेवर पोचलात याचा अर्थ सगळे पायी आलात. (हशा) आम्ही गाडीने आलो, म्हणून उशीर होईल या भीतीने दुपारी तीनलाच येऊन बसलो. ते बरंच झालं. त्यामुळे या दोन भिंतींकडे नीट बघता आलं.

विषय आम्हाला दिला आहे तो असा: धावपळीच्या आयुष्यात फोटोग्राफीसाठी वेळ कसा काढावा. संयोजकांची अपेक्षा असेल की आम्ही काही युक्त्या सांगू. पहाटे लवकर उठा, एक रविवार राखून ठेवा, कॅमेरा कपाटात न ठेवता पिशवीत ठेवा. या युक्त्या तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, आणि त्या का चालत नाहीत हेही ठाऊक आहे. म्हणून आम्ही आज तुमच्या भिंतीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही स्वतः काढलेले 62 फोटो इथे लावलेत. आम्ही मोजले. धबधबे 19. गडकिल्ले 14, त्यातले बहुतेक धुक्यातले. समुद्र आणि मावळता सूर्य 10. पक्षी 8. पालखी आणि उत्सव 5. झाले 56. राहिले सहा, त्यांच्याकडे मागाहून येतो.

या 56 फोटोंत वाईट फोटो फार थोडे आहेत हे आधी कबूल करतो. तंत्र उत्तम आहे. ताम्हिणीतलं पाणी शटर सावकाश ठेवून दुधासारखं केलं आहे, दिवेआगरच्या वाळूवरचा ओला चकाकता पट्टा अचूक पकडला आहे. पण 19 धबधब्यांपैकी एकाच्याही खालचं नाव काढून दुसऱ्याचं लावलं तर कुणाला कळेल? काढणाऱ्यालासुद्धा कळायचं नाही. पाणी दुधासारखं झालं की त्याचा आवाज जातो, त्याचा गारवा जातो, आणि ते कुठलंही पाणी होतं. फोटो सुंदर असूनही त्यात बघण्यासारखं काही उरत नाही, असं आम्हाला तिसऱ्या-चौथ्या धबधब्यापासून वाटू लागलं.

मग आम्ही फोटोंखालच्या चिठ्ठ्या वाचल्या. काढणारे कोण? किराणा दुकानदार, शिक्षिका, एसटीतले वाहक, बँकेतले कारकून, विळे-भागाडच्या कारखान्यात पाळीने जाणारे, नर्स, लग्नाचे फोटो काढणारे दोघे-तिघे. म्हणजे दिवसभर राबणारी माणसं. आणि भिंत काय सांगते? माणगावचे लोक कायम सहलीला गेलेले असतात!

असं होण्याचं कारण साधं आहे. आपण फोटो सवडीत काढतो, म्हणून फोटोत सवड दिसते. ज्याच्याकडे कॅमेरा आणि वेळ, त्याला जे दिसलं तेच टिकतं. जो कामात होता त्याने पाहिलेलं कुणीच काढत नाही, कारण तो कामात होता. घरातही तेच बघा. सणाच्या दिवशी पंगत बसलेली असते, फोटो काढणारा जेवायला बसलेल्यांपैकी असतो, म्हणून फोटोत पानं दिसतात, जेवणारे दिसतात, वाढणाऱ्या बाईचा फक्त हात दिसतो. तिच्याकडे बघण्याची कुणाला बंदी नव्हती. पण फोटो बसलेल्या जागेवरून निघाला.

तेव्हा वेळ कसा काढायचा, यापेक्षा सवड कुणाची आणि तिने काय दाखवलं, हा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. वेळेचा हिशेब म्हणाल तर तो गमतीचा आहे. भर उजेडात एका फोटोला सेकंदाचा 250वा भाग पुरतो. वर्षाला हजार फोटो काढलेत तरी एकूण चार सेकंद. चार सेकंद कुणाकडे नाहीत? (हशा) बाकी सगळा वेळ जातो तो जाण्यायेण्यात, वाट बघण्यात, आणि खरं तर निवडण्यात जायला हवा, तो जात नाही.

एकेकाळी मात्र फोटोला खरोखरच वेळ लागायचा. मुंबईत 1854 साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. तिच्या पहिल्या पिढीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेले, वैद्यकी करणारे. तेव्हाची रीत ओल्या काचेची. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, आणि वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत धुवायची. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. थर वाळला की काच वाया. वैद्याला दारात रोगी, आणि आत काच वाळत चाललेली! तरी या माणसाने माणसांचे फोटो काढले, प्रदर्शनात मांडले. त्यांना सवड कशी मिळाली हे विचारण्यापेक्षा, इतक्या खटाटोपासाठी त्यांनी समोर कुणाला उभं केलं हे बघायला हवं. त्यांच्या पद्धतीत धबधबा काढायला अख्खी अंधारखोली डोंगरावर न्यावी लागली असती. म्हणून असेल, पण कॅमेरा माणसांच्या जवळ राहिला.

दुसरं उदाहरण मराठी संस्थानातलं, होळकरांच्या इंदूरचं. लाला दीनदयाळ तिथे बांधकाम खात्यात नकाशे काढायचे, खर्चाचे अंदाज करायचे. सरकारी नोकर. 1870च्या दशकात नोकरी सांभाळून त्यांनी कॅमेरा हाती घेतला, तुकोजीराव होळकरांनी उत्तेजन दिलं. पुढच्या दशकात लांब रजा घेतली, मग नोकरी सोडली आणि हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. 'राजा' ही पदवी तिथली. आता छंदवेड्या माणसाचं स्वप्न तर हेच असतं ना, की एक दिवस नोकरी सोडू आणि फक्त फोटो काढू? दीनदयाळांनी ते करून दाखवलं, आणि काम अप्रतिम केलं, त्यात वाद नाही. पण त्या पूर्ण वेळेचे पैसे दरबाराने दिले, तेव्हा कॅमेऱ्यासमोर दरबार आला. राजवाडे, शिकारी, साहेबांच्या मेजवान्या. बांधकाम खात्यातला नकाशे काढणारा माणूस आपल्या कचेरीकडे, मिस्त्र्यांकडे, मोजणीच्या साखळ्या ओढणाऱ्यांकडे कसं बघत असेल? ते बघायला आम्हाला फार आवडलं असतं. पूर्ण वेळ मिळाला म्हणजे आपली दृष्टी मोकळी झाली असं नसतं. त्या वेळेलाही कुणीतरी मालक असतो.

सवडीचा आणखी एक मालक म्हणजे हल्ली मोबाइलवरचे बघणारे. तो विषय आम्ही लांबवणार नाही, कारण तुमच्याच तालुक्यात कुंभ्याच्या धबधब्यावर 2024च्या जुलैत चित्रण करताना एक तरुण मुलगी दरीत पडली आणि गेली. बचावाला गेलेली माणसं आपल्याच भागातली होती. आज भिंतीवर कुंभ्याचे तीन फोटो आहेत. ते लावू नका असं आम्ही म्हणत नाही. पण त्यातला एक कड्याच्या अगदी टोकावरून घेतलेला आहे, आणि त्याच्यासमोर उभं राहून आम्हाला पाणी दिसलंच नाही, काढणाऱ्याचे पाय कुठे असतील एवढंच डोक्यात राहिलं.

असो. आता ते सहा फोटो.

उजवीकडच्या भिंतीवर अगदी खाली, खांबाच्या आड, चार लहान फोटो ओळीने आहेत. काढणारे बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवतात. फोटो गल्ल्यावर बसून काढलेले. दार, पायऱ्या, समोरचा रस्ता. खाली वर्षं लिहिली आहेत: 2016, 2018, 2021, 2024. पहिल्या फोटोत दुकानाबाहेर उतरायला तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात एक, आणि तिच्यावर वाळूची पोती. चौथ्यात पायरी नाही, रस्ता उंबरठ्याला येऊन टेकला आहे आणि एका ट्रकचं चाक दुकानातल्या स्टुलाच्या उंचीला आलं आहे. बस. एवढंच.

आम्ही या चार फोटोंसमोर बराच वेळ उभे होतो. मुंबई-गोवा महामार्गावर किती लिहिलं, बोललं गेलं! पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हापासून बातम्या चालूच आहेत: खड्डे, आंदोलनं, नव्या तारखा. पण त्या सगळ्यांत रस्ता हा प्रवाशाचा असतो, गाडीच्या काचेतून दिसणारा. इथे रस्ता गल्ल्यावर बसलेल्या माणसाला दिसतो तसा आहे, थर पडून वर वर येणारा. हे बघायला त्यांनी वेगळा वेळ काढला नाही. ते कुठे जाऊच शकत नव्हते, दुकान सोडून. त्यांच्या अडकून पडण्यातून ही मालिका झाली.

फोटो म्हणून त्यात दोष आहेत, आणि ते सांगितले पाहिजेत. दर वेळी कोन बदलला आहे. 2018चा फोटो उभं राहून काढलाय, बाकीचे बसून, त्यामुळे पायऱ्यांची तुलना करताना डोळा अडखळतो. 2021चा फोटो पोती नीट दिसावीत म्हणून डावीकडून कापला आहे, त्यात समोरचं झाड गेलं. झाड 2016मध्ये आहे, 2024मध्ये नाही. कधी गेलं? तो कापलेला फोटो नेमकं तेच सांगू शकला असता. आणि संयोजकांबद्दलही एक तक्रार. अख्ख्या प्रदर्शनातलं सगळ्यात मोलाचं काम खांबामागे आणि पोस्टकार्डाएवढं, आणि ज्याला 'सर्वोत्कृष्ट' म्हणून फीत लावली आहे तो धबधबा चार फुटी! (हशा, टाळ्या)

अशा कामाला जगात मोठी परंपरा आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत बफलो नावाच्या शहरात मिल्टन रोगोविन नावाचे डोळे तपासून चष्मे देणारे गृहस्थ होते. 1957 साली कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांची सरकारी समितीपुढे चौकशी झाली, वर्तमानपत्रात बदनामी झाली, गिऱ्हाईक निम्म्याहून कमी झालं. सवड मिळाली ती अशी! त्या सवडीत त्यांनी कॅमेरा धरला. 1972पासून ते आपल्या दवाखान्याजवळच्या गरीब वस्तीत फिरू लागले. सहा-सात गल्ल्यांचा मुलूख. माणसांना त्यांच्या घरासमोर, घरात, जसं हवं तसं उभं राहू द्यायचं, फोटो काढायचा, आणि पुढच्या खेपेला त्याची प्रत नेऊन द्यायची. 1984च्या सुमारास तीच माणसं शोधून पुन्हा काढली. 1992च्या सुमारास पुन्हा. 2000नंतर चौथ्यांदा, तेव्हा रोगोविन नव्वदीत होते. चार फोटो शेजारी शेजारी ठेवले की पोर बाप झालेलं दिसतं, जोडप्यातलं एक माणूस नाहीसं झालेलं दिसतं. एकेक फोटो सुटा बघितला तर साधा आहे, समोरून काढलेला, कसलीही करामत नाही. त्याचं मोल दुसऱ्यांदा जाण्यात आहे. आपण मात्र एकदा गेलेल्या जागी 'ते तर झालंय' म्हणून पुन्हा जात नाही, आणि मग रोज नवी जागा शोधायला वेळ नाही म्हणून रडतो.

लग्नाचे फोटो काढणारे मित्र पुढे बसलेत. ते म्हणतील, आमचा धंदाच फोटोचा, मोसमात श्वास घ्यायला फुरसत नसते, स्वतःचं काही काढणार कधी? त्यांच्यासाठी एकच नाव घेतो, सुधारक ओलवे. मुंबईत वर्तमानपत्राचे छायाचित्रकार. रोजचं काम दुसऱ्याने नेमून दिलेलं. ते करत असतानाच त्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची मालिका केली: गटारात उतरलेली माणसं, कचऱ्याच्या गाड्या, त्यांची घरं. 2005 साली तिला नॅशनल जिऑग्राफिकचा ऑल रोड्स पुरस्कार मिळाला, 2016 साली ओलव्यांना पद्मश्री. बघण्यासारखी गोष्ट ही की हे कामगार काही दूरच्या जंगलात नव्हते. बातमीच्या फोटोसाठी धावणारा प्रत्येक जण रोज त्यांच्या अंगावरून जात होता. तुम्हीही लग्नात मांडवामागच्या माणसांच्या अंगावरून रोज जाता. भटारखान्यात रात्री दोनला भांडी घासणाऱ्या बायका कुठल्या वाडीच्या, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? नवरानवरीचे दोन हजार फोटो काढल्यावर एक तिकडे काढायला किती सेकंद लागतील, तो हिशेब मघाशी झालाच आहे.

पाचवा फोटो सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंचा आहे. खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने डबे, एक उघडा, त्यात अर्धी भाकरी, बाहेर उजाडतंय. रात्रपाळी संपतानाचा. फोटो थोडा हललेला आहे. हात थरथरला असेल, झोप असेल. आम्हाला तो हललेलाच आवडला, स्थिर असता तर ते नुसते डबे झाले असते. पण खाली लिहिलंय, 'सहज टिपलेला क्षण'. ताई, सहज कशाला म्हणता? रात्रभर जागून काढलाय तो. आपल्याकडे बायका आपल्या कामाला 'सहज' म्हणतात आणि पुरुष ट्रायपॉड घेऊन गेले की त्याला साधना म्हणतात. होमाई व्यारावालांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. जे. जे.मध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावाने. घर, मुलगा, आणि साडी नेसून जड कॅमेरा खांद्यावर, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. निदान इथे, चिठ्ठीवर, नाव तरी ठळक लिहा. त्या बाईंचं नाव पेन्सिलीने लिहिलं आहे.

सहावा फोटो आवण काढतानाचा. आता आवण म्हणजे काय हे माणगावात सांगायला नको, पण हे व्याख्यान पुढे लिहून जगभर जाणार आहे, तर सांगतो: लावणीसाठी उपटायची भाताची रोपं. लावणीचे फोटो आपण शेकड्याने बघतो. बांधावरून काढलेले, वाकलेल्या बायकांची रांग, रंगीत साड्या, मागे ढग. हा फोटो बांधावरचा नाही. तो चिखलात उभं राहून काढलाय. खालच्या बाजूला स्वतःचा डावा हात आहे, मनगटापर्यंत चिखल, मुठीत रोपांची जुडी, आणि भिंगावर एक थेंब. काढणारा कॉलेजातला मुलगा आहे. त्याला आम्ही विचारलं, मोबाइल कसा धरलास? म्हणाला, उजवा हात चड्डीला पुसला. (हशा) आई ओरडली म्हणे. एकच काढला, मग आत ठेवून दिला.

रचना म्हणून तो कच्चा आहे. वरचा अर्धा भाग रिकामा, क्षितिज कललेलं. पण बांधावरच्या शंभर फोटोंनी जे सांगितलं नाही ते यात आहे: रोपाची जुडी किती लहान असते आणि पुढे अजून किती शेत आहे. हा फोटो काढायला कामातून बाहेर पडावं लागलं नाही. बाहेर पडला असता तर मिळालाच नसता.

आता कुणी म्हणेल, कामाच्या जागी फोटो काढू देत नाहीत. खरं आहे. कारखान्याच्या फाटकावर मोबाइल जमा करून घेतात, वर्गात मुलांचे फोटो काढताना विचार करावा लागतो, दवाखान्यात रोग्याचा तर काढूच नये. नर्सबाईंनी डबे काढले, रोगी नाही, ही त्यांची समज. ही अडचण आम्ही सोडवू शकत नाही. पण फाटकाबाहेर पाळी सुटताना सायकली, बस, चहाची टपरी असते. 62मध्ये तीही नाही.

थोडं स्वतःबद्दल. आमच्या वडिलांची भाताची गिरणी होती. पट्टा, चक्र, कोंड्याची धूळ, सोबत त्या आवाजात ओरडून बोलायची सवय, ती अजून गेली नाही हे तुम्ही ऐकताच आहात. घरात कॅमेरा होता. गिरणी बंद पडून यंत्र भंगारात गेलं, आणि मग लक्षात आलं की गिरणीचा एकही फोटो नाही. सहलीचे आहेत, महाबळेश्वरचा घोडा आहे. शोधता शोधता बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक सापडला. सजवलेली गाडी उभी आहे, तिच्यामागे गिरणीचं अर्धं दार आणि दारात पाठमोरे वडील. लग्नाच्या दिवशीही कुणाचं तरी भात भरडून द्यायचं राहिलं होतं. काढणाऱ्याला गाडी हवी होती, वडील चुकून आले. दहा हजार पायऱ्या चढून गडांचे फोटो काढणारे आम्ही, आमच्याकडे वडिलांच्या कामाचं एवढंच आहे, आणि तेही दुसऱ्याने काढलेलं. तेव्हा मघाशी जे बोललो ते तुम्हाला उपदेश म्हणून नव्हे. पहिला आरोपी इथे उभा आहे.

जाता जाता निवडण्याबद्दल. शिकागोत व्हिव्हियन मायर नावाची बाई मुलं सांभाळायची. मुलांना फिरायला नेताना, सुट्टीच्या दिवशी, तिने लाखाहून जास्त फोटो काढले. 2007 साली भाडं थकलं म्हणून तिचं सामान लिलावात गेलं, तेव्हा ते बाहेर आले, आणि त्यात शेकडो रोल धुतलेच नव्हते. लोकांना या गोष्टीत गूढ दिसतं. आम्हाला वाईट वाटतं. काढलं, पण बघितलं नाही. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात असेच न धुतलेले रोल आहेत, चौदा-पंधरा हजार फोटो, वर 'मेमरी भरली' अशी सूचना. मग आपण रात्री अंथरुणात अंगठ्याने पुसत जातो, आणि पुसले जातात ते डबे, पायऱ्या, हललेले. धबधबा राहतो. निवडायला सवड नसली की निवड आधीच ठरलेली असते.

हार्डवेअरवाले काका मागे हात वर करतायत. काय म्हणता? ... मेमध्ये दुकानाची फरशी उचलून घेणार आहात. चार फूट? अडीच. मग काका, गल्ला उचलायच्या आधी पाचवा फोटो काढून घ्या, बसून, 2016ला बसला होतात तिथूनच. स्टूल कुठे होतं त्याची जमिनीवर खूण करा. आणि डावीकडून कापू नका.